पनवेलचं ओझं : तोफांपासून मिक्सरपर्यंत

नोव्हेंबर १७७८च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेल बंदरातून घाटाच्या दिशेनं निघाली. राघोबादादांना पुन्हा पुण्याच्या सत्तेवर बसवायचं, हा बेत. लढणारे जेमतेम चार हजार. पण तोफा, दारूगोळा आणि रसद वाहायला घेतलेले बैल मात्र एकोणीस हजारांच्या घरात. एवढा बारदाना बोरघाट चढून वर येईपर्यंत डिसेंबर सरत आला. ज्याला मराठे 'इष्टुर फाकडा' म्हणत, तो कप्तान स्ट्युअर्ट ४ जानेवारीला कार्ल्याजवळ पडला. ९ जानेवारी १७७९ला फौज तळेगावात पोचली, तर मराठ्यांनी गाव जाळून मोकळं केलेलं. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी माघार घेतली आणि पनवेलपासून जिवाचं रान करून ओढत आणलेल्या जड तोफा तळ्यात ढकलून दिल्या. पुढचा वडगावचा तह शाळेच्या पुस्तकात असतो. तळ्यातल्या तोफांचा उल्लेख क्वचितच होतो.

तोफा चढ चढल्या होत्या, त्यात बैल कमी पडले नव्हते. पण घाईच्या वेळी त्या वळवता येईनात, मागं नेता येईनात. पनवेलच्या रस्त्यांवर जड सामान ओढण्याचा जो दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, त्यातली अडचण प्रत्येक वेळी हीच निघाली आहे. ओढायला ताकद मिळते. ओढलेलं ओझं ताब्यात ठेवायची सोय मात्र उशिरा होते, आणि बहुधा कुणाचा तरी जीव गेल्यावर होते.

१८३० साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं बोरघाटाचा नवा गाडीरस्ता खुला केला आणि पनवेलचं नशीब फळफळलं. देशावरचा माल गाड्यांनी घाट उतरून पनवेलला यायचा आणि खाडीतून गलबतांनी मुंबईला जायचा. इतक्या गाड्यांचा राबता म्हटल्यावर गावात चाकांचा धंदा उभा राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'इम्पिरियल गॅझेटियर'नंही बैलगाडीची चाकं बनवणं हा पनवेलचा मोठा उद्योग असल्याची नोंद घेतली आहे. 

चाक बनवणं म्हणजे नुसतं सुतारकाम नव्हे. मधला तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे, आऱ्यांवर जोडलेला लाकडी घेर आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची. गोवऱ्यांच्या आगीत ती लालबुंद झाली की पसरते. मग चिमट्यांनी धरून चाकावर बसवायची, घणानं ठोकायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी मारायचं. थंड होताना ती आक्रसते आणि सगळे सांधे करकचून आवळले जातात. घाट उतरताना गाडीचा भार बैलांच्या मानेवर येतो, चाकांना तिरके धक्के बसतात, आरे ढिले होतात. घाटातून आलेल्या गाडीवानाला नवं चाक का लागायचं, ते यावरून समजतं.

मग रेल्वे आली, आणि तिनं पनवेलला वळसा घातला. १८५६ साली रूळ खोपोलीपर्यंत आले. १८५८ साली वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट अजून फोडायचा होता. म्हणजे वरच्या लोहमार्गासाठी लागणारी इंजिनं आणि डबे घाटरस्त्यानंच चढवावे लागले. घाटातला मार्ग १८६३ला पुरा झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अॅलिस हिनं कंत्राट हातात ठेवलं आणि काम तडीस नेलं.

या मार्गाचा सर्वांत खडा चढ ३७ फुटांमागे १ फूट. ऐकायला किरकोळ वाटतो. पण अशा उतारावर दर टनामागे सुमारे २७ किलोचा जोर गाडीला सतत खाली खेचत असतो; पाचशे टनांच्या गाडीला साडेतेरा टनांचा. जानेवारी १८६९मध्ये ब्रेक न लागलेली मेलगाडी घाटातून सुसाट खाली आली आणि जिथं थांबून दिशा बदलायची ते रिव्हर्सिंग स्टेशन ओलांडून गेली. पुढं घाटात 'कॅच सायडिंग' हा हुकमी उपाय झाला. मुख्य मार्गातून फुटलेला, वर चढत जाणारा हा रूळ. सांधे कायम त्याच्याकडे लावलेले. उतरणारी गाडी आधी पूर्ण थांबली, म्हणजे ती ड्रायव्हरच्या ताब्यात आहे हे सिद्ध झालं, की मगच तिला मुख्य रूळ मिळायचा. चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, तीही याच धाकापोटी. सगळा भार पुढच्या कपलिंगवर पडू नये आणि ते तुटलंच तर मागचे डबे घरंगळू नयेत.

रस्त्यावर मात्र अशी शिस्त आलीच नाही.

स्वातंत्र्यानंतर बैलगाडीची जागा हळूहळू टेंपोनं घेतली. १९५८ साली फिरोदियांच्या बजाज टेंपो कंपनीनं जर्मन बनावटीच्या तीनचाकी टेंपोचं उत्पादन भारतात सुरू केलं. १९६९ला मॅटाडोर आली. २००५ साली टाटांनी 'एस' बाजारात आणली : दोन सिलिंडरचं सातशे सीसी इंजिन, १६ अश्वशक्ती, पाऊण टन माल. लोकांनी तिचं बारसं 'छोटा हाथी' असं केलं. हजारो तरुणांनी कर्ज काढून ती घेतली आणि त्यांची घरं उभी राहिली. मोठा ट्रक जिथं वळत नाही त्या गल्लीत ती शिरते. म्हणून बांधकामाच्या सामानाची ती हक्काची गाडी झाली.

नवीन पनवेलला लागून असलेल्या विचुंब्यासारख्या गावाला तिची गरज फार. जानेवारी २०१३मध्ये नवी मुंबई विमानतळाभोवतालच्या 'नैना' क्षेत्राचं नियोजन सिडकोकडे आलं. भातखाचरांचा हा सारा पट्टा इमारतींकडे वळला आणि एका साइटवरून दुसऱ्या साइटवर मिक्सर, कॉम्प्रेसर, जनरेटर हलवणं हे रोजचं काम झालं. हॉपरवाला काँक्रीट मिक्सर चाकांवरच असतो आणि त्याला पुढं दांडी असते. क्रेन आणि ट्रक मागवण्यापेक्षा दांडी टेंपोच्या मागच्या चौकटीला अडकवली, पिन घातली, वर दोरखंड गुंडाळला की निघाले.

सपाट डांबरी रस्त्यावर हे सहज जमतं, म्हणूनच ते फसवं आहे. चांगल्या रस्त्यावर हवा भरलेल्या टायरांवरचं एक टन ओझं सावकाश चालतं ठेवायला पंधरा-वीस किलोची ओढ पुरते. १६ अश्वशक्तीला ती काहीच नाही. पण मिक्सरचं वजन टनाच्या वर, आणि 'एस'सारख्या रिकाम्या गाडीचं टनाच्या आत. मिक्सरच्या चाकांना ब्रेक नसतो. टेंपोवाल्यानं ब्रेक दाबला की मागचा अख्खा भार दांडीतून टेंपोला पुढं रेटतो. दांडी तिरकी असेल तर टेंपोची मागची बाजू आडवी फिरते. दोर असेल तर मिक्सर थेट येऊन धडकतो. उड्डाणपुलाचा उतार आणि पावसानं ओला झालेला रस्ता असेल तर टेंपोवाल्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

कायद्यानं हे ओळखलं होतं. १९८९च्या रस्ता नियमांनुसार बंद पडलेलं किंवा अर्धवट जुळवलेलं वाहन आणि नोंदणीकृत ट्रेलर किंवा साइडकार, एवढंच गाडीला ओढता येत असे. ट्रेलर सोडून दुसरं वाहन ओढताना वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत, दोन वाहनांतलं अंतर पाच मीटरच्या आत, आणि दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी, हेही त्यात होतं. दांडी लावून निघालेला मिक्सर यातल्या कुठल्याच खणात धड बसत नाही.

उपाय अवघड नाहीत. ओव्हररन ब्रेक नावाची साधी युक्ती बऱ्याच देशांत लहान ट्रेलरवर सर्रास वापरतात. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर पुढं सरकतो, दांडीतला दट्ट्या दाबला जातो आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. शिवाय एक सुटी साखळी असते. जोड तुटला तरी ट्रेलर मोकाट सुटत नाही. हे दोन्ही लोखंडकाम पनवेल-कळंबोलीच्या कारखान्यांना अगदी आवाक्यातलं आहे. भाड्यानं मिक्सर देणाऱ्यांनी ते बसवून घ्यावं, कंत्राटदारानं त्याशिवाय मिक्सर साइटवर घेऊ नये, आणि बिनब्रेकचं यंत्र हलवायचंच असेल तर ते हायड्रा क्रेननं उचलून मोठ्या गाडीवर साखळ्यांनी बांधून न्यावं. त्याचा खर्च कामाच्या दरात आधीच धरला, तर थोडे पैसे वाचवण्यासाठी टेंपोवाल्याला आपला जीव आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव पणाला लावावा लागणार नाही.