पोवळ्याच्या बदल्यात हिरे

भूमध्य समुद्रातले लाल पोवळे हा झाडासारख्या फांद्या फुटणारा प्रवाळ आहे. खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात हौशी लोक ज्यांच्या फांद्यांचे तुकडे खडकाला चिकटवून वाढवतात, त्या गॉर्गोनियन प्रवाळांचा तो जवळचा नातलग. भारताच्या किनाऱ्यावर तो होत नाही; तरी त्याला सर्वाधिक मान मिळाला तो इथेच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालात पोवळे आहे, आणि पैठण व तेरहून माल गाड्यांनी याच बंदरात येई, अशीही नोंद आहे. रोमन स्त्रियांना भारतीय मोत्यांचे जेवढे मोल, तेवढेच भारतीय पुरुषांना पोवळ्याचे, असे रोमन लेखक प्लिनीने नमूद केले आहे.

या व्यापाराचा सर्वांत विलक्षण काळ अठराव्या शतकातल्या गोव्याचा. ट्युनिसियाजवळच्या तबार्का बेटावर जिनोव्हाच्या लोमेलिनी घराण्याची पोवळ्याची मक्तेदारी होती. लाकडी फुलीला जाळी बांधून ती समुद्रतळावरून ओढत आणि गुंतलेल्या फांद्या वर काढत. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात त्यांचे मणी होत. तिथल्या एर्गास आणि सिल्व्हेरा या ज्यू पेढीने 1704 ते 1746 या काळात हे मणी लिस्बनमार्गे गोव्याला पाठवले. गोव्यातले त्यांचे अडत्ये सारस्वत व्यापारी होते. पोर्तुगीज कागदपत्रांत त्यांच्यातल्या कामतांचे नाव ‘कामोतिम’ असे येते. पोवळे विकून त्याच्या बदल्यात हे व्यापारी हिरे धाडत. धर्म वेगळा, भाषा वेगळी, उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष लागणार, आणि फसवणूक झालीच तर दाद मागायला दोघांना सारखे मान्य असे न्यायालय नाही. सारा व्यवहार पोर्तुगीज भाषेतल्या पत्रांवर आणि पेढीच्या पतीवर चाले. मराठी मुलखाच्या शेजारी घडलेला हा इतिहास आपल्याकडे फार कमी सांगितला जातो, हे खेदाचे आहे.

किनाऱ्यावर उतरलेले पोवळे देशभर पसरले. नवरत्नांत त्याला स्थान आहे, वैद्य त्याचे भस्म देतात, आणि मंगळाचे रत्न म्हणून झाशीसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातही त्याची अंगठी घालतात.

पोवळे नक्की काय, याचा उलगडाही अठराव्या शतकातच झाला, आणि तो समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात. 1706 मध्ये मार्सिली या इटालियन निसर्गअभ्यासकाने ताजी फांदी अशा भांड्यात ठेवली, तेव्हा तिच्यावर आठ पाकळ्यांची पांढरी ‘फुले’ उमललेली दिसली. पोवळे वनस्पतीच, असे त्याने ठरवले. पुढे मार्सेयचा वैद्य पेसोनेल याने हीच फुले स्पर्श होताच आखडतात हे पाहिले आणि ते प्राणी आहेत असे सांगितले. पॅरिसच्या विद्वानांनी त्याचे ऐकले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचे म्हणणे छापले ते 1750 नंतर.

आजचे प्रवाळ-मत्स्यालय त्या भांड्याचेच वाढलेले रूप. उष्ण समुद्रातल्या अनेक गॉर्गोनियनांच्या शरीरात शेवाळ राहते, त्यामुळे चांगला उजेड मिळाला की ते तग धरतात. लाल पोवळ्यात असे शेवाळ नसते. त्याला पाण्यातून सतत बारीक अन्न लागते आणि त्याची जाडी वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही. म्हणून ते घरी वाढवणे जवळपास अशक्य.

लाल पोवळे इथे होत नसले, तरी भारतीय समुद्रातले त्याचे नातलग गॉर्गोनियन 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. वाघाला मिळते ते संरक्षण त्यांना मिळाले.