मगर, मुक्काम पोस्ट वऱ्हाड

वऱ्हाडातल्या माणसाची मगरीशी पहिली भेट होते ती नदीत नव्हे, शाळेच्या पुस्तकात. माकडाचं काळीज झाडावर राहिलं म्हणून हात हलवत परतली, तीच ती मगर. यात मगरीचा दोष नाही, आमच्या नद्यांचा आहे. एप्रिल लागला की आमच्या पूर्णेत मगरीनं राहायचं म्हटलं, तर तिला आधी विहीर खणावी लागेल. आणि खणून लागलंच पाणी, तर खारपाण पट्ट्यातलं ते पाणी पिऊन ती दुसऱ्या दिवशी तापीचा रस्ता विचारील. अकोल्याच्या मोर्णेबद्दल मी काही बोलत नाही. माहेरच्या नदीबद्दल माणसानं बोलू नये.

सापाचं मात्र तसं नाही. साप आमच्याकडे पुस्तकातून येत नाही, कौलातून येतो. कुटाराच्या कोठ्यातून येतो, पऱ्हाटीच्या ओळीतून येतो. नागपंचमीला आम्ही त्याला दूध दाखवतो आणि उरलेले ३६४ दिवस काठी. तेव्हा एकाशी ओळख नाही आणि दुसऱ्याशी नको इतकी आहे. या दोघांना शांतपणे, धाप न लागता पाहायचं, तर परगावी जाऊन तिकीट काढावं लागतं.

आता तिकीट काढून जनावर पाहणं ही चाल तशी अलीकडची. पूर्वी जनावरं बाळगणं हे राजेलोकांचं काम. सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. नागपूरच्या भोसल्यांची महाराजबाग होती. पुढे भोसल्यांचं राज्य गेलं, इंग्रजांचं आलं, आणि १८९४ साली त्या बागेत प्राणिसंग्रहालय सुरू झालं. राजाची जनावरं पाहायला मानकरी असावं लागे. सरकारची पाहायला मोड असली की झालं. एवढी लोकशाही इंग्रजांनी आपल्याला नकळत दिली.

पण या गोष्टीतला वऱ्हाडी भाग पुढेच आहे. १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ निघालं. नागपूरचं कृषी महाविद्यालय त्याच्या पदरात आलं, आणि महाविद्यालयाबरोबर महाराजबागही आली. म्हणजे कापूस, तूर, ज्वारी यांच्या जोडीला वाघ! विद्यापीठाला नाव पंजाबराव देशमुखांचं, आणि पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. जनावरं नागपूरला, कचेरी अकोल्याला आणि नाव अमरावतीच्या माणसाचं, अशी ही वाटणी. विदर्भात इतकी समंजस वाटणी दुसऱ्या कुठल्याही बाबतीत झालेली माझ्या ऐकिवात नाही. महाराजबागेतला वाघ जांभई देताना पाहिला की अकोल्याच्या माणसाला वाटतं, हा आपल्याच आस्थापनेवरचा.

सरपटणाऱ्या मंडळींचं खरं दर्शन घडलं ते मात्र पुण्याला, कात्रजला. तिथला तलाव नानासाहेब पेशव्यांनी बांधवला; त्याचं पाणी भुयारी नळानं शनिवारवाड्यापर्यंत येई. त्याच परिसरात १९८६ साली सर्पोद्यान सुरू झालं आणि १९९९ साली पेशवे पार्कातली जनावरंही तिकडे मुक्कामाला गेली. सर्पोद्यानामागे नीलिमकुमार खैरे. १९८० साली हा तरुण ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिला होता. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्याला लोकांना दाखवायचं होतं. आपल्याला घरात आलेल्या पाहुण्यांबरोबर सलग ७२ तास काढणं जड जातं, आणि तेही डिवचल्याशिवाय!

२००१ च्या दिवाळीत माझे मामा दर्यापूर तालुक्यातून पुण्याला आले. पंधरा एकर पऱ्हाटीचे धनी. धोतर, टोपी, आणि मोटारीचा हॉर्न ऐकू येणार नाही अशा आवाजात बोलायची सवय. शनिवारवाडा पाहून ते म्हणाले, "आतमधी काई नाईच, बापू. नुसतं आवार हाये." तेव्हा त्यांना आतमध्ये काहीतरी असलेली जागा दाखवावी म्हणून मी त्यांना कात्रजला नेलं.

मगरीच्या तळ्यापाशी मामा बराच वेळ कठड्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "बापू, हे मगर सिमिटाची हाये काय?"

"नाही मामा, जिवंत आहे."

"मंग काऊन हालत नाई?"

"हलायचं कारण नसेल."

"अन् तोंड आ करून काऊन बसली? भूक लागली असन."

मगर तोंड उघडं ठेवते ते भुकेनं नव्हे; अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी. मी तसं सांगितलं. मामांनी जरा विचार केला. "असं हाये काय! मंग आमचे सरपंच बी मीटिंगमधी गर्मीच बाहेर टाकतेत वाटते."

आजूबाजूची चारदोन माणसं हसली. मामा खुशीत आले. आणि त्याच खुशीत आम्ही सापांच्या काचांकडे वळलो.

अजगर झाला, नाग झाला. पुढच्या काचेमागे एक जाडजूड साप वेटोळं घालून पडला होता. अंगावर गडद गोल ठिपक्यांच्या रांगा, जशी कोणी साखळी ओढून ठेवावी. पाटीवर लिहिलं होतं, घोणस.

"परड," मामा म्हणाले. आवाज एकदम खाली.

आमच्याकडे घोणशीला परड म्हणतात. आणि मामांच्या घरात तो शब्द मोठ्यानं उच्चारत नसत. १९७४ साली मी सहावीत होतो, दिवाळीच्या सुटीत मामांकडे गेलो होतो. वेचणी चालू होती. मामांचा सालदार ओळीत शिरला आणि ओरडत बाहेर आला. पाय घट्ट बांधला, एका जाणत्याला बोलावलं, त्यानं मंत्र घातले, लिंबाचा पाला खायला दिला. पाला कडू लागतो म्हणाला, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. विष चढलं की कडू लागत नाही, असं सांगत. मध्यरात्री बैलगाडी जुंपली. तालुक्याचा दवाखाना दिसायच्या आधी उजाडलं, आणि गाडी परत फिरली. पुढची दोन वर्षं मामांनी दुसरा सालदार ठेवला नाही.

"त्या दिवसापासून दिसला साप का मारला म्या," मामा काचेकडे बघत म्हणाले. "मोजले नाई."

शेजारी मोठी पाटी होती. माणसाला खरा धोका प्रामुख्याने चौघांपासून: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. धामण बिनविषारी, उंदीर खाते, शेतकऱ्याची मित्र. मामा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी ती पाटी एकेक अक्षर लावून वाचली. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"म्हंजे परड चावली, अन् धामना मारल्या म्या. बिनपगारी सालदारच होते ना ते माह्या वावरातले."

यावर मला काही बोलायला सुचलं नाही. पंधरा एकरांतल्या उंदरांचा हिशेब मला येत नाही.

पण त्या रात्री गाडीत काय हवं होतं, एवढं आता सांगता येतं. सापाच्या विषावर उतारा म्हणून सापाचंच विष लागतं. ही युक्ती १८९० च्या दशकातली. घोड्याला विषाची बारीक मात्रा हळूहळू वाढवत द्यायची. त्याचं रक्त विषाला उत्तर तयार करतं. ते उत्तर काढून, शुद्ध करून माणसाला टोचायचं. मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेनं हे काम वर्षानुवर्षं केलं. म्हणजे मंत्र घोड्याच्या रक्तात होता आणि आम्ही तो लिंबाच्या पाल्यात शोधत होतो. मात्र त्यासाठी विष हवं, आणि विषासाठी जिवंत साप. तमिळनाडूतले इरुळा लोक पूर्वी सापाच्या कातड्यावर पोट भरत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो धंदा बुडाला. १९७८ साली त्यांची सहकारी संस्था निघाली: साप पकडायचा, विष काढायचं आणि साप परत सोडून द्यायचा. सहकार म्हटलं की आपल्याला साखर आठवते. तिकडे विषाचाही सहकार झाला, आणि त्यातून माणसं जगली.

ही संस्था ज्या आवारात आहे, ते आवार मगरींचं. मद्रासजवळ रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी १९७६ साली मगरींची पेढी काढली. पेढीच ती, कारण ठेवी स्वीकारायच्या आणि वाढवून परत द्यायच्या, हाच व्यवहार. कातड्याच्या पाकिटांपायी आणि पर्सांपायी देशातल्या मगरी संपत आल्या होत्या. १९७५ साली सरकारनंही मगर वाचवायची योजना आखली. अंडी गोळा करायची, उबवायची, पिल्लं वाढवून नद्यांत सोडायची. या उबवण्यातून एक गंमत कळली. मगरीचं पिल्लू नर की मादी, हे उबेवर ठरतं. ३१ अंशांपर्यंत साऱ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास नर. आमच्या अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४७ पर्यंत जाऊन आलेला आहे. तिथे अंड्यातून मुलगा होईल की मुलगी हा प्रश्नच नाही, आम्लेट होईल.

आणि तरीही मगर वऱ्हाडात आली. मार्च १९९० मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी १९९१ मध्ये, अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात. ढाकण्याजवळ गडगा नदीचं सिद्धूकुंड आणि डोलार नदीचं हातीकुंड, इथे मगरी सोडल्या गेल्या. सातपुड्याच्या या नद्याही उन्हाळ्यात वाळतात, पण खोल कुंडांत पाणी टिकतं. शिवाय आपली ही मगर काठात बीळ खणून उन्हाळा काढू शकते. म्हणजे सुरुवातीला मी विहीर खणायचं म्हणालो, ते तिला अगदीच अवघड नव्हतं.

तेव्हा मुलांना घेऊन कात्रजला जा, महाराजबागेत जा. बुधवारी कात्रज बंद असतं, एवढं लक्षात ठेवा. मगर हलली नाही तर दगड मारू नका. ती सिमेंटची नाही. पण खरी गंमत पाटी वाचण्यात आहे. कारण २००० ते २०१९ या २० वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिलेला आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. काचेसमोर पाच मिनिटं उभं राहिलेल्या माणसाला परड आणि धामण यांतला फरक कळतो, आणि तो फरक तिकिटाच्या पैशापेक्षा महाग आहे.

पऱ्हाटीत शिरताना पायात बूट घाला. काठी घ्या, पण ती जमिनीवर आपटण्यापुरती. हादरे लागले की साप आपणहून वाट सोडतो. आणि जवळच्या ज्या दवाखान्यात उतारा असतो, त्याचा रस्ता आधीच पाहून ठेवा. मांत्रिकाचं घर काय, गावात सगळ्यांनाच माहीत असतं.