48 टक्के मोठे की 1130 रुपये? कापसाच्या हमीभावाची जुनी वही

परवा चौकातल्या टपरीवर दोन जण भांडणावर आले होते. विषय एकच. कापसाला जास्त भाव कोणी वाढवून दिला? एक म्हणे 2008 ला, 48 टक्के. दुसरा म्हणे 2018 ला, क्विंटलमागे 1130 रुपये. दोघांचेही आकडे बरोबर होते, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. घरी येऊन हमीभावाचे सगळे आकडे काढले आणि वहीत मांडले, तेच इथे टाकतोय.

आधी लांब धाग्याचं बघू. 2007-08 ला हमीभाव 2030 रुपये होता, 2008-09 ला एकदम 3000 झाला. वाढ 970 रुपये, म्हणजे पावणेअठ्ठेचाळीस टक्के. दहा वर्षांनी 2017-18 चा 4320 होता, तो 2018-19 ला 5450 झाला. वाढ 1130 रुपये, पण टक्के फक्त 26. रुपये जास्त, टक्के कमी. यात जादू काही नाही, खालचा मूळ आकडाच दुप्पट झाला होता. 300 रुपये 3000 वर वाढले तर दहा टक्के होतात (2011-12 ला हेच झालं, 3300). आणि 2023-24 ला 6380 चे 7020 झाले, 640 रुपये वाढले, तेही दहाच टक्के.

मध्यम धाग्यात तर अजून गंमत आहे. 2012-13 ला 2800 चे 3600 झाले, 2018-19 ला 4020 चे 5150. दोन्ही वेळी वाढ 28 टक्क्यांच्या आसपास. पण पहिल्या वेळी हातात 800 आले आणि दुसऱ्या वेळी 1130.

टक्केवाल्याने आणखी एक गोष्ट सांगितली नाही. 2008 च्या त्या उडीनंतर 2009-10 आणि 2010-11 ही दोन वर्षं भाव 3000 वरच थांबला. एक रुपया नाही. (2011 च्या सुरुवातीला जगाच्या बाजारात रुईने पौंडाला दोन डॉलर ओलांडले म्हणून आपल्याला ते तेव्हा जाणवलं नाही.) आणि रुपयेवाल्याने हे सांगितलं नाही की 1130 च्या पुढच्याच वर्षी लांब धाग्याला फक्त 100 रुपये वाढले, दोन टक्केसुद्धा नाही. ज्या वर्षी उडी मारली तेवढंच वर्ष उचलून दाखवायचं, हे दोन्हीकडून चालतं.

बरं, मग खरं जास्त कोणतं? मी म्हणतो, तुम्हाला काय विचारायचं आहे त्यावर आहे. या वर्षी खिशात किती जास्त आले असं विचारलं तर रुपये बघा, आणि ते आपल्या क्विंटलांनी गुणा. पण खर्चाच्या मानाने आपण वर आलो का, असं विचारलं तर 2008 चे 970 आणि 2018 चे 1130 शेजारी ठेवून भागत नाही. तो रुपयाच वेगळा.

मी डीएपीच्या पोत्यावर मोजून बघितलं. 2008 ला 50 किलोचं पोतं पाचशेच्या आत यायचं. म्हणजे 970 रुपयांच्या वाढीत जवळजवळ दोन पोती. 2018 ला पोतं बाराशेच्या घरात गेलं होतं, 1130 च्या वाढीत एकही पुरं नाही. आता पूर्ण भाव घ्या. 2008-09 च्या 3000 मध्ये सहाच्या वर पोती येत होती. 2025-26 चा हमीभाव 8110 आहे, पोतं 1350 ला. भागून बघा, सहाच येतात. मधल्या 17 वर्षांत भाव 5110 रुपयांनी, 170 टक्क्यांनी वाढला, आणि डीएपीच्या हिशोबात आपण होतो तिथेच.

पण इथे मीसुद्धा तीच लबाडी करू शकतो, म्हणून सांगून टाकतो. युरियावर मोजलं तर चित्र उलटं होतं. तेव्हा 50 किलोचं पोतं 240 च्या आसपास होतं, आता 45 किलोचं साडे 266 ला. क्विंटलभर कापसात तेव्हा बारा पोती यायची, आता तीस येतात. ज्याला जे सिद्ध करायचं तो ते पोतं निवडतो!

आता आपल्या घरचं. माझ्या वहीत 2017 ला वेचणी 5 रुपये किलो लिहिली आहे, गेल्या हंगामात 10 दिले. शंभर टक्के वाढ. त्याच काळात लांब धाग्याचा हमीभाव 4320 वरून 8110, म्हणजे 88 टक्के. यावरून मी दोन वर्षं बांधावर बोलत होतो की मजुरी भावापेक्षा जास्त पळाली, मजुरांनी खाल्लं. रुपयांत मांडलं तेव्हा गप्प बसलो. मजुरीची वाढ क्विंटलमागे 500 रुपये. भावाची वाढ क्विंटलमागे 3790. माझी शिल्लक कमी का राहते हे मग वहीत दुसरीकडे शोधावं लागलं. फवारणी, आणि एकरी उतारा. बोंडअळीच्या वर्षी एकरी तीन क्विंटल कमी झाले, तर 8110 च्या हिशोबाने 24 हजार तिथेच गेले. त्यापुढे 589 ची वाढ काय पुरणार?

आणि हे सगळं हमीभावाचं गणित झालं. सीसीआयच्या केंद्रावर नंबर लागला नाही आणि ओलावा जास्त म्हणून व्यापाऱ्याला घातला, तर मूळ आकडाच बदलतो.

टपरीवरच्या दोघांना वही दाखवली. एकाने फोटो काढला, दुसऱ्याने विचारलं, सोयाबीनचं असंच काढशील का? 2024-25 चा 4892, 2025-26 चा 5328. 436 रुपये वाढ, नऊ टक्के. मागची वर्षं काढून ठेवतो. तुमच्याकडे जुन्या पावत्या असतील तर वेचणीचे आणि फवारणीचे दर कमेंटमध्ये टाका, वर्षासकट.