चार अ‍ॅक्सलचं इंजिन आणि पाचोरा-जामनेरची पीजे

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला डिझेल इंजिनाशी काय देणंघेणं? पण आपल्या खानदेशात हे दोन विषय तसे शेजारीच नांदले आहेत. तापी खोऱ्यातली सुरत-जळगाव रेल्वे १९०० च्या सुमारास पुरी झाली. त्याच मार्गावरच्या अमळनेरला १९१६ मध्ये श्रीमंत प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञानाची संस्था काढली. तेव्हा थोडा वेळ आपण रुळांवर विचार करू.

प्रश्न साधा आहे. इंजिनाचा आकार कोण ठरवतं? आपण पटकन म्हणतो, त्याची ताकद. अश्वशक्ती जितकी जास्त तितकं इंजिन मोठं. हे अर्धंच खरं आहे.

पावसाळ्यातली आपली काळी जमीन आठवा. बैल कितीही दांडगे असोत, भरलेली गाडी चिखलात रुतते. अशा वेळी शेतकरी बैल वाढवत नाही, गाडीतला माल कमी करतो. म्हणजे गाडीत किती भरायचं हे बैल ठरवत नाही, जमीन ठरवते. रेल्वेतही हेच आहे. बैलगाडीचा जो आस, त्यालाच रेल्वेत अ‍ॅक्सल म्हणतात. एका अ‍ॅक्सलमागे किती टन वजन रुळावर यावं, याची मर्यादा रूळ, स्लीपर आणि पूल पाहून ठरते. तिला अ‍ॅक्सल लोड म्हणतात.

पण मग इंजिन हलकंच का करू नये? इथे खरी मेख आहे. इंजिन ओढतं ते चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर. कोरड्या रुळावर चालत्या चाकांवर जेवढं वजन, त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी ओढ मिळते. त्यापुढे कितीही अश्वशक्ती ओता, चाक जागच्या जागी गरगर फिरतं. म्हणून मालगाडीच्या इंजिनाला वजन हवंच. आता वजन तर हवं आणि रुळाला ते सोसवत नाही, तर करायचं काय? अ‍ॅक्सल वाढवायचे.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४९ मध्ये जीपी-७ नावाचं इंजिन आणलं. चार अ‍ॅक्सल, १५०० अश्वशक्ती, वजन ११० टनांच्या आसपास. एका अ‍ॅक्सलवर २७-२८ टन. तिथले रूळ जाड, त्यांना ते पेललं. भारताने १९६२ मध्ये अमेरिकेच्याच अल्को कंपनीकडून घेतलेलं आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात बनलेलं डब्ल्यूडीएम-२ बघा. २६०० अश्वशक्ती, वजन ११२.८ टन. म्हणजे वजन जवळपास तेवढंच, पण अ‍ॅक्सल सहा, आणि एका अ‍ॅक्सलवर १८.८ टन. हे दोन जादा अ‍ॅक्सल आपल्या रुळांनी मागून घेतलेले आहेत. आपल्याकडे ब्रॉडगेजवर चार अ‍ॅक्सलचं डिझेल अगदीच झालं नाही असं नाही. १९९५ मध्ये वाराणसीतच डब्ल्यूडीपी-१ बनलं. पण ते ८० टनांचं, आणि मुख्यतः प्रवासी गाड्यांसाठी. अवजड मालगाडी सहा अ‍ॅक्सलवाल्यांकडेच राहिली.

आता आपल्या भागात येऊ. भुसावळ-इगतपुरी मुख्य मार्गावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस विजेच्या तारा आल्या, त्यामुळे तिथे डिझेलचं राज्य फार टिकलं नाही. ते टिकलं चाळीसगाव-धुळे फाट्यावर आणि तापी खोऱ्याच्या मार्गावर. आणि टिकलं आणखी एका ठिकाणी, जिचं नाव काढलं की पाचोऱ्याच्या माणसाचा आवाज बदलतो. ती म्हणजे पाचोरा-जामनेर. आपली पीजे.

पहिलं महायुद्ध संपता संपता, १९१८-१९ च्या सुमारास, हा ५६ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. मुख्य मार्गाच्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. पीजेचं ७६२ मिलिमीटर, अडीच फूट. अरुंद रुळांची वाट बांधायला स्वस्त पडते, कारण जमीन कमी लागते, वळणं आखूड चालतात आणि रूळ हलके वापरता येतात. पण हलका रूळ म्हणजे हलकं इंजिन, हे ओघानंच आलं.

वाफेचा जमाना सरल्यावर अशा मार्गांवर झेडडीएम वर्गातली इंजिनं आली. झेड म्हणजे अडीच फुटी गेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्ही. यातलं झेडडीएम-३ चित्तरंजनच्या कारखान्यात १९७० च्या सुमारास तयार झालं. चार अ‍ॅक्सल, ७०० अश्वशक्ती, वजन सुमारे ३५ टन. डब्ल्यूडीएम-२ मध्ये डिझेल इंजिन वीज तयार करतं आणि ती वीज प्रत्येक अ‍ॅक्सलची मोटर फिरवते. इथे तसं नाही. इथे इंजिनाचा जोर तेलातून पुढे जातो. बंद पेटीत एक पातं तेल घुसळतं आणि ते घुसळलेलं तेल दुसरं पातं फिरवतं. गाडी झटका न बसता हलते. रेल्वेचे अभियंते एम. एम. सुरी यांनी यात भर घातली ती अशी, की गाडीने वेग घेतला की तेलाला बाजूला ठेवून जोर थेट दांड्याने चाकांकडे जावा. तेलात वाया जाणारी शक्ती त्यामुळे वाचते.

याच घराण्यातलं झेडडीएम-४ आणखी बोलकं आहे. रूळ फारच नाजूक असतील तर चार अ‍ॅक्सलही जड होतात. म्हणून पुढे एक आणि मागे एक असे दोन मुके अ‍ॅक्सल जोडले. ते काहीच ओढत नाहीत, नुसतं वजन वाटून घेतात. जमिनीपुढे इंजिनाने किती नमावं, याचा हा नमुनाच!

आता मूळ मुद्दा. हे हलकेपण गुण होता की दोष? आम्हाला वाटतं, तो एकच धर्म होता, जो आधी गुण म्हणून दिसला आणि पुढे दोष म्हणून. अरुंद गेज होतं म्हणून आडवाटेवरच्या जामनेरला रेल्वे मिळाली. आणि अरुंद गेज होतं म्हणूनच पीजेचा डबा मुख्य मार्गावर कधी जाऊ शकला नाही. जामनेरकडून आलेला माल पाचोऱ्याला उतरवायचा आणि पुन्हा दुसऱ्या डब्यात भरायचा. दुप्पट हमाली, दुप्पट वेळ. ट्रक मात्र शेताच्या बांधावर उभा राहतो आणि थेट बाजारात जातो. मालवाहतूक अशी हातातून गेली. पीजे हरली ती इंजिन दुबळं होतं म्हणून नव्हे. ती एकटी होती म्हणून.

मागे राहिले प्रवासी. स्वस्त तिकिटावर शाळेला, बाजाराला, दवाखान्यात जाणारी माणसं. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात गाडी थांबली, ती पुन्हा सुटली नाही. आता तिथे ब्रॉडगेज होऊन मार्ग पुढे बोदवडला जोडण्याची योजना आहे. एकटेपणाचा तो जुना दोष त्याने जाईल, आणि ते चांगलंच आहे. पण दोन गोष्टींची गल्लत नको. जड रूळ जड माल वाहतील. आठवडे बाजाराला निघालेल्या म्हातारीसाठी गाडी लहानशा स्टेशनवर थांबेल की नाही, हे मात्र रूळ ठरवत नाहीत. ते माणसं ठरवतात.

इंजिन किती जड असावं, हे जमिनीला विचारून ठरलं. गाडी कोणासाठी असावी, हे त्या जमिनीवरच्या माणसांना विचारून ठरावं, एवढीच अपेक्षा. आज इथेच थांबू.