लोकायतांचा स्वार्थविचार : दोन पाठ आणि एक दृष्टांत

लोकायत अथवा चार्वाक या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मताचा निवाडा आपल्याकडे बहुधा एकाच श्लोकावरून करण्यांत येतो. जिवंत असेतों सुखानें राहावें, ऋण काढून तूप प्यावें, देहाची राख झाल्यावर पुन्हां येणें कोठलें, असा त्या श्लोकाचा आशय आहे. त्यावरून चार्वाक म्हणजे उधळ्या, कर्जबुडव्या व क्षणिक सुखाच्या मागें लागलेला मनुष्य अशी समजूत रूढ झाली. परंतु स्वतःचें हित बुद्धीनें तोलून वागावें हें एक नीतिमत आहे आणि हातीं लागेल तें भोगावें हें दुसरें. यांपैकीं लोकायतांचें मत कोणतें, हें ठरविल्याखेरीज त्याच्या गुणदोषांचा वाद निरर्थक होय. व तें ठरविण्यास पाठांचीच कांस धरिली पाहिजे.

अडचण अशी कीं, बृहस्पतीचीं म्हणून सांगितलीं जाणारीं सूत्रें समग्र उपलब्ध नाहींत. विखुरलेलीं वचनें काय तीं हातीं आहेत, आणि तींही बहुतेक प्रतिपक्ष्यांनीं खंडनासाठीं उतरून घेतलेलीं. पाटण येथील जैन भांडारांत जयराशिभट्टाच्या 'तत्त्वोपप्लवसिंहा'ची ताडपत्रावरील पोथी इ. स. १९२६ सालीं सांपडली. पंडित सुखलालजी संघवी व रसिकलाल परीख यांनीं ती संपादून १९४० सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत प्रसिद्ध केली. परंतु जयराशि प्रत्यक्षासह सर्वच प्रमाणें उलथून टाकतो. प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकांत त्याची गणना करावी कीं नाहीं याविषयींच विद्वानांत मतभेद आहे. शिवाय आचाराचा प्रश्न हा त्याचा मुख्य विषय नव्हे. सबब जुन्या साक्षीदारांकडेच वळणें प्राप्त आहे.

(१) श्लोकाचे दोन पाठ

पहिला साक्षीदार म्हणजे माधवाचार्यांच्या नांवावर असलेला चौदाव्या शतकांतील 'सर्वदर्शनसंग्रह'. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांच्या टीकेसह पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें तो १९२४ सालीं छापिला. त्यांतील पहिलें प्रकरण चार्वाकदर्शनाचें असून त्यांत वरील श्लोक दोनदां येतो, ही गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. प्रकरणाच्या आरंभीं तो लोकांच्या तोंडची गाथा म्हणून दिला आहे. तेथें दुसऱ्या चरणांत ऋणाचें व तुपाचें नांवही नाहीं, मृत्यूच्या आटोक्याबाहेर कोणी नाहीं एवढाच अर्थ आहे. प्रकरणाच्या शेवटीं बृहस्पतीच्या म्हणून दिलेल्या श्लोकांत मात्र तोच श्लोक ऋणाच्या चरणासह अवतरतो.

आतां जुना पाठ कोणता? काश्मीरच्या जयंतभट्टाच्या नवव्या शतकांतील 'न्यायमंजरी'मध्यें हा श्लोक आला आहे व तेथें मृत्यूचाच पाठ आहे. म्हणजे हा पाठ सर्वदर्शनसंग्रहाच्या चारपांचशें वर्षें आधींचा ठरतो. जयंतभट्ट लोकायतांचा कट्टर विरोधक होता. कर्ज बुडविण्याचा उपदेश त्याच्यासमोर असता तर त्याचा उपयोग करून घेण्यास तो चुकता ना. यास्तव मृत्यूचा पाठ मूळचा व ऋणाचा मागाहून पडलेला, असें आम्हांस वाटतें.

(२) बीजाचा दृष्टांत

पाठ सुधारला म्हणून मत सुधारलें असें होत नाहीं. सुख कसें साधावें याविषयीं लोकायत काय म्हणत? येथें साक्षी एकमेकींस छेदतात. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रां'त लोकायतिकांचा पूर्वपक्ष असा आहे कीं, धर्माचें फळ पुढें मिळावयाचें व तेंही संशयित. म्हणून उद्यांच्या मोरापेक्षां आजचें कबूतर बरें, संशयित निष्कापेक्षां खात्रीचा कार्षापण बरा. यावर वात्स्यायनाचें एक उत्तर असें कीं, पुढील पिकासाठीं मनुष्य हातांतलें बीं टाकून देतो, हें आपण पाहतोंच.

उलट सर्वदर्शनसंग्रहांतील चार्वाक निराळेंच बोलतो. सुखांत दुःख मिसळलेलें आहे म्हणून सुख टाकूं नये. मासे खाणारा कांटे व खवले काढून मासे घेतो, धान्य घेणारा कोंडा टाकून दाणे घेतो. हरणें आहेत म्हणून भाताची पेरणी कोणी थांबवीत नाहीं, भिकारी आहेत म्हणून चुलीवर भांडें ठेवावयाचें कोणी राहत नाहीं. हा पेरणी करणारा चार्वाक आजच्या कबुतरावर समाधान मानणारा खास नव्हे. पेरणारास चार महिने थांबावें लागतें, नुकसानीचा अंदाज बांधावा लागतो. हाच बुद्धीनें तोललेला स्वार्थ.

परंतु येथें सावध राहिलें पाहिजे. हरणांचा व भिकाऱ्यांचा दृष्टांत चार्वाकांचा खासगी नाहीं. तो पतंजलीच्या व्याकरणमहाभाष्यांत आहे. इतकेंच काय, लोकायतिकांना उत्तर देणाऱ्या वात्स्यायनानें त्याच अध्यायांत पुढें कामपुरुषार्थाच्या समर्थनार्थ तो स्वतःच्या नांवानें वापरिला आहे. दोन्ही ठिकाणीं धान्य यव आहे. माधवाच्या ग्रंथांत त्याचें भात झालें आहे. म्हणजे हा सर्वसामान्य न्याय माधवानें चार्वाकाच्या मुखीं घातला असण्याचा संभव राहतो. तथापि 'कौटिलीय अर्थशास्त्रा'ची साक्ष दुसऱ्या बाजूस झुकते. शामशास्त्र्यांनीं म्हैसूर येथें १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या त्या ग्रंथांत सांख्य व योग यांच्या जोडीस लोकायताची गणना आन्वीक्षिकींत केली आहे. तेथील लोकायत या शब्दाच्या अर्थाविषयीं वाद असला, तरी राजपुत्रास शिकविण्याच्या विद्येंत निव्वळ उधळेपणास स्थान मिळालें असेल हें संभवत नाहीं.

(३) ऋणाची कसोटी

गीतारहस्यांतील आधिभौतिक सुखवादाच्या प्रकरणांत लोकमान्य टिळकांनीं स्वार्थवाद्यांच्या पायऱ्या लाविल्या आहेत. मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत लिहिलेल्या व १९१५ सालीं छापलेल्या या ग्रंथांत चार्वाक सर्वांत खालच्या, केवळ स्वार्थाच्या पायरीवर आहे; दुसऱ्यास सुख दिल्यावांचून आपणांस सुख मिळत नाहीं हें ओळखणारे हॉब्स व हेल्व्हेशियस त्याच्या वर आहेत. ऋणाचा श्लोक प्रमाण धरल्यास ही मांडणी बिनचूक आहे. परंतु पेरणी करणारा चार्वाक खरा मानल्यास त्यास निदान दुसऱ्या पायरीवर बसविलें पाहिजे. ज्यास पुढच्या वर्षीं पुन्हां बीं उसनें आणावयाचें आहे तो या वर्षींचें उसनें बुडवीत नाहीं. त्यासाठीं परलोकाची भीति लागत नाहीं, आपली पत लागते. या मताचा गुण हाच कीं, सामान्य व्यवहारांतील सचोटीचें कारण तें याच लोकांत दाखवून देतें.

दोषही येथेंच आहे. ज्यास पुन्हां कर्ज काढावयाचें नाहीं, ज्याचे चार दिवस उरले आहेत, त्यानें कर्ज कां फेडावें? पतीची गरज संपली कीं तोललेल्या स्वार्थाजवळ उत्तर उरत नाहीं. आपल्या लोकांनीं तें उत्तर ऋणानुबंधाच्या कल्पनेंत शोधिलें आणि स्मृतिकारांनीं वारसांवर बंधन घालून. गंमत अशी कीं, त्या स्मृतिकारांतही एक बृहस्पति आहे. पुत्रानें पित्याचें ऋण व्याजासह फेडावें, नातवानें केवळ मुद्दल द्यावें, पणतूवर बोजा नसावा, असा त्याचा निर्णय. त्याचीही स्मृति समग्र मिळत नाहीं. निबंधग्रंथांतील वचनें जमवून रंगस्वामी अय्यंगार यांनीं ती १९४१ सालीं, तत्त्वोपप्लवसिंहाच्या मागोमाग, त्याच बडोद्याच्या मालेंत प्रसिद्ध केली. एका बृहस्पतीच्या तोंडीं कर्ज काढून तूप पिण्याचा उपदेश, दुसऱ्याच्या तोंडीं तें तिसऱ्या पिढीपर्यंत फेडण्याची आज्ञा!

सारांश, ऋणाचा चरण लोकायतांच्या माथीं मारणें हा पाठाच्या दृष्टीनें अन्याय आहे. पण ज्या कोणी तो चरण रचिला त्यानें या मताचें मर्म अचूक हेरलें होतें. पाठाच्या न्यायासनासमोर चार्वाक सुटतो, नीतीच्या न्यायासनासमोर त्यास अद्यापि एक प्रश्न विचारावयाचा राहतो. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं सर्वदर्शनसंग्रहाच्या हस्तलिखित पोथ्या असतील, त्यांनीं पहिल्या प्रकरणाचीं दोन्हीं टोंकें ताडून पाहावीं. कोणत्या ठिकाणीं कोणता चरण आहे, समासांत कांहीं दुरुस्ती आहे काय, व लेखनशक कोणता, एवढें टिपून कळविल्यास या पाठाचा प्रवास निश्चित करण्यास मोठें साहाय्य होईल.