गुणगुणाट आणि अर्थिंगची तार

गायकाने सूर लावण्यापूर्वीच कर्ण्यातून जो मंद, अखंड गुणगुणाट ऐकू येतो, त्याचा इतिहास ध्वनिवर्धकाहूनही जुना आहे. त्याचा उगम दूरध्वनीच्या तारेत सापडतो.

प्रारंभीच्या दूरध्वनीला एकच तार असे. विद्युत्प्रवाह परत जाई तो जमिनीतून. ही काटकसर लवकरच महाग पडली. तारायंत्राचे प्रवाह आणि पुढे विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांचे प्रवाह त्याच जमिनीतून वाहू लागले व संभाषणात घरघर मिसळू लागली. १८८१ साली अमेरिकेत बॉस्टन व प्रॉव्हिडन्स यांच्या दरम्यान जॉन कार्टी यांनी परतीसाठी जमिनीऐवजी दुसरी तार वापरून पाहिली, आणि आवाज स्वच्छ झाला. त्याच वर्षी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी पीळ दिलेल्या जोडतारेचे पेटंट घेतले. दोन्ही तारांत सारखाच शिरलेला उपद्रव शेवटी परस्परांस मारक ठरतो, हे त्यातील मर्म होय.

१९२२ च्या सुमारास ए. टी. अँड टी. या अमेरिकन कंपनीने दूरध्वनी केंद्रांसाठी १९ इंच रुंदीचा रॅक प्रमाण म्हणून ठरविला. त्यातील यंत्रांची उंची पावणेदोन इंचांच्या पटीत असे. नभोवाणी केंद्रांनी व पुढे सभागृहांनी हाच रॅक स्वीकारला. परंतु स्वस्त यंत्रांच्या बाबतीत दोन तारांची शिस्त मागे राहिली. एकाच लोखंडात कसलेल्या यंत्रांना प्लगमधून, रॅकच्या धातूतून आणि ध्वनितारेच्या जाळीतून असे जमिनीकडे जाणारे अनेक मार्ग मिळतात. त्यांतून जो बंद वेढा तयार होतो, त्यात शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र प्रवाह निर्माण करते. भारतातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने हा खर्ज बहुधा त्याच कंपनसंख्येचा असतो.

येथे एक घातक उपाय रूढ झाला, तो म्हणजे प्लगमधील अर्थिंगची तार सोडून देणे. वेढा तुटतो, गुणगुणाट थांबतो; परंतु यंत्रात बिघाड झाल्यास त्याच्या पेटीत आणि तिला जोडलेल्या मायक्रोफोनमध्येही वीज उतरते. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस्ली हार्वी यांना अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनचा धक्का बसला व त्यात त्यांचा अंत झाला. ते अवघे २७ वर्षांचे होते.

अर्थिंगवर ठेवलेला ठपका अस्थानी होता, हे १९९५ साली नील मन्सी यांनी दाखवून दिले. अनेक यंत्रांत तारेची जाळी बाहेरच्या धातूच्या पेटीस न जोडता आतील विद्युन्मंडलास जोडलेली असे. त्यामुळे जाळीवरचा प्रवाह थेट क्षीण ध्वनिसंदेशात मिसळे. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या २००५ सालच्या मानकाने जाळी पेटीलाच जोडण्याचा दंडक घातला.

रॅक उभारणाऱ्यास या इतिहासातून स्पष्ट मार्ग मिळतो. सर्व यंत्रांची वीज व अर्थिंग एकाच ठिकाणाहून घ्यावे. विजेच्या तारा रॅकच्या एका बाजूने व ध्वनितारा दुसऱ्या बाजूने न्याव्यात. जेथे त्या एकमेकींना ओलांडतात, तेथे काटकोनात ओलांडाव्यात. ध्वनीसाठी जोडतार वापरावी आणि तरीही गुणगुणाट राहिल्यास ध्वनितारेच्या मार्गात ट्रान्सफॉर्मर बसवावा. त्याने ध्वनी पुढे जातो, वेढा मात्र तुटतो; आणि माणसाच्या प्राणांची राखण करणारी अर्थिंगची तार जागच्या जागी राहते.