राखणदाराची चूक

दिवेलागणीची वेळ आहे. घरातली एखादी बाई चुलीपुढून उठते आणि दंड खाजवू लागते. पाहता पाहता दंडावर, पाठीवर, मांड्यांवर लालसर गांधी उठतात. कोणी म्हणते, आमसुले भिजत घाला आणि त्यांचा कोळ अंगाला लावा. कोणी म्हणते, घोंगडी पांघरून पडून राहा. आणि सगळे मिळून एकच प्रश्न विचारतात, "काय खाल्लंस?"

आज मी आपल्यापुढे या प्रश्नाचा इतिहास मांडणार आहे. मी इतिहास शिकवणारा माणूस, वैद्य नव्हे. परंतु लढायांना आणि राज्यांनाच इतिहास असतो असे नाही. घरोघरी विचारल्या जाणाऱ्या साध्या प्रश्नालाही तो असतो, आणि उत्तर चुकले तर त्याची किंमत माणसांना मोजावी लागते.

ही किंमत मी जवळून पाहिली आहे. माझ्या एका मावशीच्या अंगावर दोन-अडीच वर्षे जवळजवळ रोज पित्त उठत असे. प्रथम तिचे वांगे बंद झाले. मग उडीद गेला, मासे गेले, तूरडाळ गेली आणि शेवटी दूधही गेले. मावशी वाळून काटकी झाली, पण पित्त काही हटेना. पुढे ते आपोआप थांबले, तेव्हा सर्वांत शेवटी सोडलेले दूधच दोषी ठरले! एवढ्यावर भागले नाही. तिच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना कोणीतरी म्हणाले, "त्यांच्या रक्तातच दोष आहे." म्हणजे आधी ताटावर आरोप, मग रक्तावर. या दोन आरोपांत खरे किती, ते आता पाहू.

हा विकार मुळीच नवा नाही. आपल्याकडे सुमारे सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदान या ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. गांधीलमाशी चावल्यावर येते तशी सूज, असे त्याचे वर्णन तिथे आढळते. थंड वाऱ्याचा स्पर्श हे कारण ग्रंथकाराने सांगितले आहे, आणि गार वाऱ्याने काहींच्या अंगावर गांधी उठतात हे आजही खरे आहे. युरोपात विल्यम कलेन या एडिंबरोच्या वैद्याने अठराव्या शतकात या विकाराला अर्टिकॅरिया हे नाव दिले. अंगाला लागताच आग करणारी, आपल्या खाजकुइलीसारखी एक वनस्पती तिकडे असते, तिच्यावरून हे नाव आले. पाहणारे डोळे दोन्हीकडे चांगले होते. परंतु कातडीच्या आत काय घडते, ते कोणालाच दिसत नव्हते.

ते दिसू लागले 1878 साली. पॉल एर्लिक नावाच्या चोवीस वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली दाण्यांनी गच्च भरलेल्या काही पेशी आढळल्या. खाऊन खाऊन त्या अशा भरल्या असाव्यात असे समजून त्याने त्यांना मास्ट, म्हणजे पुष्ट केलेल्या, पेशी म्हटले. वास्तविक ते दाणे म्हणजे साठवून ठेवलेला दारूगोळा होता. 1910 साली इंग्लंडात हेन्री डेल यांनी हिस्टामीन या द्रव्याचे परिणाम तपासले. 1927 साली थॉमस लुइस यांनी दाखवून दिले की, कातडी दुखावली की असेच एखादे द्रव्य तिच्यात सुटते, तांबडेपणा येतो आणि फुगवटा उठतो. पुढे 1953 साली रायली आणि वेस्ट यांनी सिद्ध केले की, शरीरातल्या हिस्टामीनची कोठारे म्हणजे या मास्ट पेशीच होत. कोठाराचे दार उघडले की गांध उठते, एवढे निश्चित झाले.

पण दार उघडतो कोण?

त्यासाठी 1921 सालच्या ब्रेस्लाऊ शहरात जाऊ. तेव्हा ते जर्मनीत होते, आज ते पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना शिजवलेला मासा मुळीच सोसत नसे. त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनिट्झ यांना मासा खुशाल पचे. प्राउसनिट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला थोडा द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. लगेच तिथे गांध उठली! बाकी कातडीला काही झाले नाही. माशात विष नव्हतेच. माशाला शत्रू समजणारे काहीतरी क्युस्टनर यांच्या रक्तात होते. हे काहीतरी म्हणजे काय, ते 1966 साली अमेरिकेतल्या डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नींनी शोधून काढले. ते एक प्रतिद्रव्य निघाले, आणि त्याला आय-जी-ई हे नाव मिळाले. मास्ट पेशीच्या अंगावर ते कुलपासारखे बसलेले असते. ओळखीचा पदार्थ किल्लीसारखा येऊन लागला की कोठार उघडते.

यावरून कोणी म्हणेल, मग "काय खाल्लंस?" हा प्रश्न बरोबरच आहे. होय, पण अर्धाच. खाण्याने गांधी उठणार असतील तर त्या बहुधा खाल्ल्यानंतर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत उठतात आणि लवकरच ओसरतात. पाच माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी या ना त्या कारणाने गांधी उठण्याचा अनुभव येतो. माझ्या मावशीचे दुखणे निराळे होते. सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ, जवळजवळ रोज गांधी उठत राहिल्या तर त्याला जुनाट पित्त समजतात. ते शंभरात एखाद्याला होते, पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होते, आणि त्यात अन्नाचा दोष क्वचितच असतो. मग इथे किल्ली कोणती?

उत्तर चमत्कारिक निघाले. 1980 च्या दशकात इंग्लंडातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा रोग्यांचे रक्त काढून त्यातला द्रव त्यांच्याच कातडीत टोचला. मासा नाही, दूध नाही, बाहेरचे काहीच नाही. तरीही कित्येकांना गांध उठली! 1993 साली लंडनच्या माल्कम ग्रीव्ह्ज, मिचिहिरो हिदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा उलगडा केला. यातल्या काही रोग्यांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्ये असतात की, ती मास्ट पेशीवरच्या कुलपाच्या बैठकीलाच शत्रू समजून धरतात. चोर आलेलाच नसतो. राखणदार आपल्याच कोठारावर काठी हाणतो. अशा रोग्यांत गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर शरीरानेच हल्ला केल्याच्या खुणा इतरांपेक्षा अधिक आढळतात, हेही डॉक्टरांच्या ध्यानात आले होते.

आता दुसरा आरोप, रक्ताचा. राखणदार आपला-परका कसा ओळखतो? 1958 साली पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी, पुष्कळ वेळा दुसऱ्याचे रक्त घेतलेल्या लोकांच्या तपासणीतून, माणसाच्या पांढऱ्या पेशींवरची पहिली ओळखखूण शोधली. अशा खुणांच्या समूहाला एच-एल-ए म्हणतात. त्या घडवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर आहेत, आणि आईकडून एक व बापाकडून एक असे त्यांचे दोन संच आपल्याला मिळतात. या कामासाठी दोसे यांना 1980 साली दोघा शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

या खुणांचे काम समजण्यासाठी घरातली चाळण डोळ्यांपुढे आणा. चाळणीची भोके जशी, तसे दाणे वर राहतात. एच-एल-एच्या रेणूला एक खोबण असते. तिच्यात शरीरातल्या आणि बाहेरून आलेल्या पदार्थांचे बारीक तुकडे अडकतात आणि ते राखणदार पेशींना दाखवले जातात. प्रत्येकाची चाळण थोडी निराळी, म्हणून प्रत्येकाच्या राखणदाराला दिसणारे तुकडेही थोडे निराळे.

1999 साली इंग्लंडातल्या संशोधकांनी जुनाट पित्ताच्या रोग्यांची ही जनुके निरोगी माणसांच्या जनुकांशी ताडून पाहिली. डी-आर-4 नावाचा प्रकार रोग्यांत अधिक आढळला, आणि ज्यांच्या रक्तात ती चुकणारी प्रतिद्रव्ये होती त्यांच्यात तो संबंध अधिक ठळक दिसला. हाच प्रकार सांध्यांच्या आमवातात आणि लहानपणी होणाऱ्या मधुमेहातही अधिक दिसतो. तिथेही राखणदारच चुकलेला असतो.

म्हणजे "रक्तातच दोष" हे खरे ठरले काय? नाही, श्रोतेहो. डी-आर-4 असलेल्या बहुसंख्य माणसांच्या अंगावर असे पित्त कधीच उठत नाही, आणि जुनाट पित्ताच्या कित्येक रोग्यांत डी-आर-4 नसतो. जमिनीला उतार असला म्हणजे पाऊस पडलाच असे होत नाही. जनुक हा उतार आहे, पाऊस नव्हे. शिवाय या खुणांचे प्रमाण समाजासमाजात वेगवेगळे असते. त्यामुळे इंग्लंडातला आकडा उचलून आपल्या गावाला लावता येत नाही, आणि जनुके तपासून या रोगाचे निदानही कोणी करत नाही. आणखी एक गोष्ट. गावात सगळ्यांच्या चाळणी एकसारख्या असत्या, तर एखादी साथ साऱ्या गावाला एकदम चुकवून गेली असती. चाळणी निरनिराळ्या आहेत यातच समाजाचे संरक्षण आहे. ज्याला आपण दोष म्हणतो, तो त्या विविधतेचाच एक भाग आहे. त्यावरून एखाद्या मुलीचे लग्न मोडणे हे अज्ञान होय.

या इतिहासाचा उपयोग काय, असे आपण विचाराल. उपयोग झाला आहे. 1937 साली पॅरिसमध्ये दानिएल बोव्हे यांनी हिस्टामीनला अडवणाऱ्या औषधांची वाट दाखवली. आज झोप न आणणाऱ्या तशा गोळ्या मिळतात, आणि बहुतेकांचे उपचार त्यांच्यापासूनच सुरू होतात. ज्यांना गोळ्या पुरत नाहीत त्यांच्यासाठी 2014 साली आय-जी-ईलाच बांधून ठेवणारे इंजेक्शन युरोप-अमेरिकेत मान्य झाले. कित्येकांचे पित्त तर माझ्या मावशीसारखे काही वर्षांनी आपोआप शमते.

आमसुलाचा कोळ खुशाल लावा, अंगाला थंडावा वाटेल. मात्र जीभ, ओठ किंवा घसा सुजला, श्वास अडू लागला, तर कोळ भिजत घालत बसू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा. शिक्षकांना माझी विनंती आहे की, वर्गात एखादे पोर सारखे खाजवत असेल तर त्याला वेगळे बसवू नका. गांधी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात नाहीत.

आणि घरात कोणाच्या अंगावर गांधी उठल्या तर "काय खाल्लंस?" एवढे विचारून थांबू नका. आणखी एक प्रश्न विचारा, "किती दिवस झाले?" सहा आठवडे उलटले असतील, तर ताटातला घास काढून घेण्याआधी डॉक्टरांकडे न्या. माझ्या मावशीला हा दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही.